गरम पाणी बारीक येते, उशिरा येते: नव्या गीझरच्या पाइपचे माप तपासण्याचा क्रम

पुण्यात गेली बावीस वर्षे घरगुती नळकाम करताना हा एकच दोष मी इतक्या घरांत दुरुस्त केला आहे की, घरमालकाची पहिली दोन वाक्ये ऐकूनच कारण कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज येतो. नवा गीझर किंवा गच्चीवरचा सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारे यंत्र, बसवलेला असतो, कंपनीचा माणूस येऊन पाहून गेलेला असतो, यंत्र व्यवस्थित चालू असते आणि तरीही अंघोळ मनासारखी होत नाही. अशा वेळी यंत्र बदलून मागण्याआधी पाइपकडे पाहावे. त्यासाठी कोणत्या क्रमाने काय तपासावे, ते सविस्तर लिहितो.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की, थंड पाण्याचा नळ धो धो वाहतो, पण त्याच मिक्सरचा गरम कॉक पूर्ण उघडला तरी धार करंगळीएवढीच पडते. दुसरे लक्षण उशिराचे आहे. पाण्याला जोर असतो, पण ते गरम व्हायला एवढा वेळ लागतो की रोज सकाळी अर्धी बादली थंड पाणी मोरीत सोडावे लागते. तिसऱ्या प्रकारात शॉवर चालू असताना कोणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की शॉवरचे पाणी एकाएकी गार पडते किंवा चटका देते. चौथ्या प्रकारात गॅस गीझर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. पाचवे लक्षण फसवे आहे: गरम कॉक उघडावा तर कोमट पाणी येते, आणि गीझर तर दिवा लावून उभा असतो.

या सर्वांच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करावे. हा त्रास पहिल्या दिवसापासून आहे, की सुरुवातीला पाणी चांगले येत होते आणि नंतर हळूहळू कमी झाले? पहिल्या दिवसापासून असेल तर पाइपचे माप, लाइनीची मांडणी, अडकलेली हवा किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी कारण असते. हळूहळू कमी झाले असेल तर पाइपचे माप निर्दोष आहे असे समजावे, कारण पाइप आपोआप लहान होत नाही. तिथे क्षार, गंज किंवा कचरा शोधावा. एवढ्या एका प्रश्नाने निम्मी तोडफोड टळते.

पहिली तपासणी: मोजून पाहणे

यासाठी एक बादली, एक लिटरचे माप आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. बादलीत आधी १० लिटर मोजून ओता आणि त्या पातळीला खूण करा. मग मिक्सरचा फक्त गरम कॉक पूर्ण उघडून खुणेपर्यंत बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. हेच फक्त थंड कॉक उघडून करा. १० लिटरला ७५ सेकंद लागले, तर मिनिटाला ८ लिटर पाणी येत आहे. मिनिटाला ६ ते ८ लिटर मिळाले की घरगुती शॉवरची अंघोळ सुखाची होते. गरम पाणी ४ लिटर आणि थंड १२ लिटर असेल, तर अडथळा फक्त गरम लाइनीवर आहे. दोन्ही सारखीच कमी असतील, तर दोष गरम लाइनीत नाही. तो टाकीच्या उंचीत किंवा मुख्य लाइनीत आहे, आणि गीझरकडच्या पाइपांना हात लावण्याचे कारण उरत नाही.

इथेच यंत्राची क्षमताही पाहून घ्यावी, कारण काही वेळा जो दोष वाटतो तो त्या यंत्राचा गुणधर्म असतो. ३ किलोवॅटचा विजेवरचा इन्स्टंट गीझर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायचे असेल तर मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर पाणी देऊ शकतो. त्याला पाऊण इंची पाइप जोडला तरी यात काही फरक पडणार नाही. अशा गीझरचे बारीक गरम पाणी बरोबरच आहे. तो भांडी घासण्यासाठी किंवा बादली भरण्यासाठी असतो आणि त्याच्यावर शॉवर चालवण्याची अपेक्षा चुकीची आहे. १५ लिटरच्या साठवणीच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांवर असेल आणि नळाचे पाणी २० अंशांचे असेल, तर दोन्ही मिसळून ४० अंशांचे सुमारे ३० लिटर पाणी मिळते. त्यानंतर ते गार पडणारच.

उशिराच्या तक्रारीसाठी मोजणी थोडी वेगळी आहे. सकाळी पहिल्यांदा गरम कॉक उघडून, पाणी गरम येईपर्यंत जे थंड पाणी पडते, ते सगळे बादलीत धरून मोजा. हे पाणी म्हणजे रात्रभर पाइपात पडून राहिलेले पाणी. सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) जाड, म्हणजे एसडीआर ११ प्रकारच्या अर्धा इंची पाइपाच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे ०.१२ लिटर पाणी मावते, पाऊण इंचीमध्ये ०.२६ लिटर आणि एक इंचीमध्ये ०.४३ लिटर. सोलरपासून बाथरूमपर्यंत २० मीटर अंतर असेल, तर अर्धा इंची लाइनीत अडीच लिटर, पाऊण इंचीत सव्वापाच आणि एक इंचीत साडेआठ लिटरांहून जास्त पाणी अडकलेले असते. पाइपही तापावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे अधिक पाणी जाते. मोजलेले पाणी या हिशेबाच्या जवळपास आले, तर लाइनीत दोष काही नाही, पाइप लांब किंवा गरजेपेक्षा मोठा आहे. हिशेबाच्या दुप्पट-तिप्पट पाणी जात असेल, तर थंड पाणी दुसरीकडून गरम लाइनीत शिरत आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरी तपासणी: जाळ्या

नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या चकतीमागे आणि काही मिक्सरच्या आत बारीक जाळी असते. नवे काम झाल्यावर पाइप कापताना पडलेला भुसा, टेफ्लॉन टेपचे तुकडे, सिमेंटचे कण आणि सांधे चिकटवणाऱ्या सोल्यूशनचे सुकलेले थेंब याच जाळ्यांवर येऊन बसतात. शॉवर आटे फिरवून काढा आणि उघड्या नळीतून पाणी सोडून पुन्हा मोजा. धार एकदम वाढली तर काम तिथेच संपले. क्षारांचे पांढरे थर असतील, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात शॉवर रात्रभर बुडवून ठेवावा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासावा. टाचणीने भोके मोठी करू नयेत.

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. जाळी साफ न करता पुढे गेलात, तर पुढचे प्रत्येक मोजमाप खोटे ठरते.

तिसरी तपासणी: व्हॉल्व्ह आणि जोडनळ्या

आता गीझरपाशी या. सर्वांत आधी गीझरचा स्विच आणि त्याचा एमसीबी दोन्ही बंद करा, मगच हात लावा.

गरम पाण्याच्या धारेचा विचार करताना लोक फक्त गीझरमधून बाहेर येणाऱ्या पाइपाकडे पाहतात. पूर्वीच्या तांब्याच्या काही बंबांना वर नरसाळे असायचे. त्यात तांब्याभर थंड पाणी ओतले की तोटीतून तांब्याभर गरम पाणी बाहेर पडायचे, आणि ओतणे थांबवले की तोटीही थांबायची. साठवणीचा गीझर अगदी असाच चालतो. आत शिरणारे थंड पाणीच गरम पाण्याला बाहेर ढकलते. म्हणून आत येणाऱ्या लाइनीतला प्रत्येक अडथळा हा गरम पाण्याचाच अडथळा असतो. ज्या घरांत बाहेरचा पाइप मोठा केला, खर्च झाला आणि फरक मात्र पडला नाही, त्या घरांत बहुधा आतली बाजू तशीच राहिलेली असते.

गीझरच्या आधीचा बॉल व्हॉल्व्ह किंवा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, ते पाहा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाला समांतर हवा. तो तिरका असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. जुना गेट व्हॉल्व्ह असेल, तर चाक फिरते आणि आतली पाकळी मात्र तुटून खालीच राहते, असेही होते. बाहेरून ते कळत नाही. व्हॉल्व्ह उघडून पाहिल्यावरच समजते.

नंतर भिंतीतला पाइप आणि गीझर यांना जोडणाऱ्या जाळीच्या लवचिक नळ्या पाहा. सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात तीन कारागीर येऊन गेले होते आणि फरशी फोडण्याची तयारी झाली होती. मी ती नळी सोडवून हातात घेतली. बाहेरून चकचकीत स्टीलची जाळी, दोन्ही टोकांना अर्धा इंची नट, पण आतल्या काळ्या रबरी नळीत माझ्या करंगळीचे टोकसुद्धा शिरत नव्हते. पट्टी लावून पाहिली तर भोक ८ मिलिमीटर भरले. शिवाय ती गीझर आणि भिंत यांच्यामध्ये दुमडून बसवल्यामुळे मधोमध चपटी झाली होती. ८ मिलिमीटर भोकाची ६० सेंटिमीटर नळी पाण्याला जितका अडथळा करते, तितका अडथळा अर्धा इंची सीपीव्हीसीचा ५ मीटर पाइप करतो. अशा दोन नळ्या म्हणजे न दिसणारा १० मीटर पाइप झाला. मोठ्या भोकाच्या, आखूड आणि न दुमडलेल्या नळ्या बसवल्यावर त्या घरात मिनिटाला ४ लिटरांवरून ७ लिटर पाणी येऊ लागले आणि फरशी वाचली.

गीझरच्या थंड बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्यातही पाणी थोडे अडते, कारण आतली झडप स्प्रिंगवर असते. तरीही धार वाढवण्यासाठी तो काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. थर्मोस्टॅट बिघडला तर आतला वाढता दाब बाहेर सोडणारी तीच एक वाट असते. त्याचे तोंड बूच लावून बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. तो अडकला असेल तर त्याच जागी त्याच क्षमतेचा नवा बसवावा.

चौथी तपासणी: टाकीची उंची आणि पाण्याची गल्लत

पाण्याला १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. चौथ्या मजल्यावर गच्चीखालीच राहणाऱ्या घरात शॉवर आणि टाकीचा तळ यांत पुष्कळदा २ मीटरच अंतर असते, म्हणजे दाब ०.२ किलो. पहिल्या मजल्यावर त्यात आणखी ९ मीटरची भर पडते. म्हणून एकाच इमारतीत, एकाच कारागिराने, एकाच मापाचा पाइप टाकलेला असताना खालच्या घरात तक्रार नसते आणि वरच्या घरात गरम पाणी येत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या पाइपाचे माप पाहून आपले माप ठरवू नये.

कमी दाबावर उपाय म्हणून काही जण फक्त थंड लाइनीवर प्रेशर पंप बसवतात. मग थंड पाणी जोरात येते आणि मिक्सरमध्ये गरम पाण्याला मागे रेटते. पंप बसवायचा असेल तर तो थंड आणि गरम या दोन्ही लाइनींना पाणी देणाऱ्या समाईक पाइपावर बसवावा, आणि गीझर तेवढ्या दाबासाठी बनवलेला आहे का ते त्याच्या पाटीवर वाचूनच. टाकीला हवेची नळी जोडलेल्या सोलरला मात्र अशा दाबाखाली आणू नये.

गरम कॉकमधून कोमट पाणी येण्यामागे बहुधा थंड पाणी गरम लाइनीत मिसळण्याची हीच गल्लत असते. ती ओळखण्याची रीत सोपी आहे. गीझरच्या आधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मिक्सरचा फक्त गरम कॉक उघडा. काही क्षणांत धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली, तर घरातल्या कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत शिरत आहे. सोलर असेल तर गच्चीवरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा. लाइनीतले थोडे पाणी येऊन धार थांबायला हवी. गुन्हेगार बहुतेक वेळा हातशॉवर असतो. त्याचे बटण सोडून पाणी बंद केलेले असते, पण मागचे गरम आणि थंड असे दोन्ही कॉक उघडेच राहिलेले असतात. मग जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या लाइनीत रात्रंदिवस झिरपते आणि सोलरची टाकी पहाटेपर्यंत गार होते. एका वेळी एकेका मिक्सरचे दोन्ही अँगल कॉक बंद करत गेले की कोणता मिक्सर दोषी ते सापडते. त्याचे कार्ट्रिज (गरम-थंड पाणी मिसळणारा आतला भाग) बदलावे किंवा दोन्ही लाइनींवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवावा. दाब अगदी कमी असेल, तर स्प्रिंगचा एनआरव्ही घेऊ नये, कारण त्याची स्प्रिंग उघडण्यातच उरलासुरला दाब खर्ची पडतो.

पाचवी तपासणी: लाइनीत अडकलेली हवा

हा प्रश्न मुख्यतः सोलरचा आहे. गरम पाण्याची लाइन टाकीतून निघून कठड्यावर चढते आणि मग खाली उतरते, तेव्हा त्या चढावर हवा साठते. पाणी तापल्यावर त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि तिथेच येऊन बसते. कमी दाबाचे पाणी तिला ढकलू शकत नाही. नळ उघडल्यावर फस् फस् आवाज येणे, धार तुटत येणे आणि टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर पाणी अजिबात न येणे या तिच्या खुणा आहेत. सर्वांत खालचा गरम नळ पूर्ण उघडून काही मिनिटे ठेवल्यास हवा पुष्कळदा निघून जाते. ती आठवड्याने परत आली, तर चढाच्या माथ्यावर हवेची उभी नळी द्यावी लागते. या नळीचे वरचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीहून उंच हवे, नाहीतर तिच्यातून पाणी सांडत राहील. त्याहून चांगला उपाय म्हणजे चढच काढून लाइनीला टाकीपासून सतत उतार देणे.

सहावी तपासणी: पाइपचे माप

वरचे सगळे तपासून झाले, त्रास पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि गरम पाणी अजूनही थंड पाण्याच्या निम्मेच येत आहे, तर आता पाइपचे माप पाहायचे. जिथे पाइप उघडा दिसतो तिथे त्यावरची छपाई वाचा. त्यावर माप, एसडीआर आणि आयएस १५७७८ हा क्रमांक लिहिलेला असतो. 'अर्धा इंची' हे नाव आहे, आतले भोक त्याहून वेगळे असू शकते. एसडीआर ११ च्या अर्धा इंची पाइपाचे आतले भोक सुमारे साडेबारा मिलिमीटर भरते आणि पाऊण इंचीचे १८ मिलिमीटरांहून किंचित जास्त. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाच्या अर्ध्या इंचात जवळपास १६ मिलिमीटर जागा असायची. म्हणून जुना जीआय काढून 'त्याच मापाचा' सीपीव्हीसी टाकला की पाण्याची वाट कमी होते. घरमालकाला वाटते की सारखाच पाइप घातला, मग पाणी कमी का झाले? त्याचे उत्तर या फरकात आहे.

भोक लहान झाले की अडथळा किती वाढतो, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. मिनिटाला ८ लिटर पाणी १० मीटर लांबीच्या अर्धा इंची पाइपातून जाताना सव्वा मीटर उंचीइतका दाब खाते. पाऊण इंचीतून तेवढेच पाणी जाताना फक्त २० सेंटिमीटर. भोक दीडपटीहून कमी वाढले आणि अडथळा सहा पटींनी घटला. त्यात कोपरे धरा. अर्धा इंची लाइनीतला प्रत्येक एल्बो, म्हणजे काटकोनी वळण, सुमारे अर्धा मीटर पाइपाएवढा अडथळा करतो, तेव्हा दहा एल्बो म्हणजे आणखी ५ मीटर. वर सांगितलेल्या चौथ्या मजल्यावर एकूण २ मीटर उंची उपलब्ध आहे आणि त्यातले १.८ मीटर नुसता पाइप आणि कोपरे खातात. गीझर, व्हॉल्व्ह, मिक्सर आणि शॉवर यांना उरते काय? तिथे पाऊण इंची लाइन असती, तर तोटा ३०-३५ सेंटिमीटरच झाला असता.

यावर नेहमी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे: गीझरचे तोंडच अर्धा इंची आहे, मग पाऊण इंची पाइपाचा उपयोग काय? उपयोग आहे. तोंडाची अरुंद जागा दोन-चार सेंटिमीटरचीच असते. अडथळा लांबीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेवढ्या तुकड्यात दाब फारसा जात नाही. १० मीटर लांब अरुंद पाइपात तो सगळा जातो. गीझरच्या अगदी तोंडाशी रिड्यूसर, म्हणजे मोठ्या मापाला लहान माप जोडणारा सांधा, लावावा. दोन मीटर अलीकडे लावून तिथून पुढे अर्धा इंची पाइप नेऊ नये.

मग सगळीकडे मोठाच पाइप टाकावा का? टाकू नये. इथे कारागीर उलट्या बाजूला चुकतात. पाऊण इंचीत अर्धा इंचीच्या दुपटीहून जास्त पाणी मावते. ते रोज सकाळी गार झालेले असते आणि मोरीत जाते. गरम लाइनीचे माप ठरवताना धार आणि उशीर या दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो. मी स्वतः असे ठरवतो: गीझर त्याच बाथरूममध्ये असेल, पाइप ३-४ मीटरांचा असेल आणि टाकी दोन मजले वर असेल, तर अर्धा इंची पुरेसा आहे. गच्चीखालच्या मजल्यावर टाकीपासून गीझरपर्यंत येणारी आणि गीझरमधून निघणारी अशा दोन्ही लाइनी पाऊण इंची, आणि शेवटच्या नळाकडे जाणारा दीड-दोन मीटरचा फाटा तेवढा अर्धा इंची. एकाच गीझरवर बाथरूम आणि स्वयंपाकघर दोन्ही असतील, तर मुख्य लाइन पाऊण इंची हवीच, नाहीतर एक नळ उघडल्यावर दुसऱ्याचे पाणी पळते. सुरुवातीला सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणाचे कारण बहुधा हेच असते. सोलरच्या टाकीतून अनेक बाथरूमना पाणी जात असेल, तर टाकीपासून पहिल्या फाट्यापर्यंत एक इंची, तिथून खाली पाऊण इंची आणि नळाजवळ अर्धा इंची. स्वयंपाकघर लांब असेल, तर तिथपर्यंत मोठी लाइन ओढण्यापेक्षा तिथे छोटा स्वतंत्र गीझर लावणे पाणी आणि वीज दोन्हींच्या दृष्टीने मला योग्य वाटते.

गॅस गीझर पेटत-विझत असेल, तर पाण्याच्या जोराने गॅस उघडणाऱ्या त्याच्या आतल्या पडद्याला पुरेसा प्रवाह मिळत नाही. त्याच्या पाटीवर किमान दाब लिहिलेला असतो. तुमच्या टाकीच्या उंचीतून अडथळे वजा करून तेवढा दाब उरतो का, हे तो विकत घेण्याआधी पाहावे.

पाइपच्या जातीबद्दलही सांगणे भाग आहे. साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला कधीही वापरू नये. तो ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. त्यापुढे तो मऊ पडतो आणि सांध्यातून निसटतो. काचनळ्यांच्या सोलरमध्ये उन्हाळ्यात पाणी फारच तापते, म्हणून टाकीच्या तोंडाशी पहिला मीटरभर पाइप धातूचा ठेवून मग सीपीव्हीसी जोडावा. सीपीव्हीसी तापल्यावर लांबतो. १० मीटरच्या सरळ लाइनीत तापमान ४० अंशांनी वाढले तर सुमारे २५ मिलिमीटर. गच्चीवरच्या लांब लाइनीला दोन्ही टोकांना घट्ट आवळून टाकले, तर एल्बो तडकतो. मध्ये एक वळसा द्यावा आणि क्लॅम्प सैल ठेवावेत. उघड्या लाइनीवर फोमचे आवरण घालावे आणि उन्हाने त्याचा भुगा होऊ नये म्हणून वर ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळावी.

कुठे थांबावे

जाळ्या, व्हॉल्व्हचे दांडे, मोजमाप आणि मिक्सर बंद करून पाहण्याची चाचणी एवढे काम कोणीही करावे. जोडनळ्या बदलणे ज्याला पाना धरता येतो त्याने, वीज बंद करून करावे. पुढच्या गोष्टींत मात्र स्वतः प्रयोग करू नयेत.

नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा गीझर लावताच ईएलसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा खटका) पडत असेल, तर वीज बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोपर्यंत त्या बाथरूममध्ये कोणीही अंघोळ करू नये. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर पाण्याच्या धारेचा विचार बाजूला ठेवा आणि तो वापरणे आजच थांबवा. ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस शुद्ध हरपून पडेपर्यंत त्याला पुष्कळदा काही कळत नाही. असा गीझर मोकळ्या हवेत हलवण्याचे काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत पाणी किंवा वाफ येत असेल, तर गीझर बंद करून तंत्रज्ञ येईपर्यंत तो पुन्हा लावू नये. धार महिन्यामहिन्याने कमी होत गेली असेल आणि घरात बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर गीझरच्या टाकीत आणि कॉइलवर क्षार बसलेले असतात. टाकी उघडून ते साफ करणे आणि त्याच वेळी आतला ॲनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) पाहणे हे सेवा केंद्राचे काम आहे. काचनळ्यांच्या सोलरची लाइन कापायची असेल, तर ते काम भर उन्हात कोणालाही करू देऊ नये. नळ्या झाकून, टाकीतले पाणी गार होऊ देऊनच लाइन उघडायची असते. भिंतीतला पाइप बदलायचा असेल आणि तो तुळईतून किंवा खांबातून जात असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नये. सोसायटीच्या समाईक लाइनीला हात लावण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी.

कारागीर आला की त्याच्या हातात आपण लिहिलेले आकडे द्यावेत: गरम किती, थंड किती, सकाळी किती पाणी वाया जाते, टाकी शॉवरपेक्षा किती उंच आहे. नवी लाइन भिंतीत टाकली, तर सोल्यूशन पूर्ण सुकल्यावर तिची हातपंपाने दाब देऊन चाचणी घ्यायला सांगा आणि दाबाचा काटा काही तास हलत नाही ना, हे स्वतः उभे राहून पाहा. त्याच दिवशी, टाइल बसण्याआधी, भिंतीवर मोजपट्टी धरून प्रत्येक पाइपाचा आणि त्याच्यावरच्या छपाईचा फोटो काढून ठेवा. पाच-सात वर्षांनी टॉवेलच्या दांडीसाठी कोणी त्या भिंतीत ड्रिल लावेल, तेव्हा तो फोटो लागणार आहे.